भाजीपाला परिरक्षण, घरगुती

परसबागेत निघालेला भाजीपाला जमिनीतून नवे पीक मिळत नाही अशा हिवाळी महिन्यांत खाण्याजोगा राहावा म्हणून घरी केल्या जाणाऱ्या प्रक्रियांना ही संज्ञा लावतात. थंड जागेत साठवण, वाळवणे, मिठात आंबवणे, व्हिनेगरमध्ये मुरवणे, उष्णता देऊन बाटलीबंद करणे आणि गोठवणे या प्रमुख पद्धती होत. काढणीनंतरही भाजीचे श्वसन चालू असते, तिच्यातील एंझाइमे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) काम करीत राहतात आणि जंतू, यीस्ट व बुरशी यांना वाढीस वाव मिळतो. यांपैकी कोणाला अडवायचे यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.

साठवणीत भाजी जिवंतच ठेवली जाते, फक्त तिचे श्वसन मंद केले जाते. गाजर व बीट यांना शून्याच्या किंचित वर तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. ओलसर वाळूत पुरून ठेवण्यामागे हेच कारण आहे. कांद्याला थंडावा चालतो, पण हवा कोरडी (आर्द्रता ६५ ते ७० टक्के) लागते. भोपळ्याला १० ते १३° से. लागते, त्याहून थंडीत तो बिघडतो. बटाटा आधी सुमारे दोन आठवडे १० ते १५° से. तापमानाला अंधारात ठेवल्यास सालीवरील जखमा भरून येतात. पुढे तो ४ ते ७° से.ला ठेवावा. याहून कमी तापमानात त्यातील स्टार्चची साखर होते, तर उजेड लागल्यास तो हिरवा पडतो व सोलॅनीन हे विषारी द्रव्य वाढते. सफरचंदांसारख्या पिकत्या फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे गाजर कडू होते, म्हणून फळे व कंदमुळे एकाच खोलीत ठेवू नयेत.

वाळवणे ही बहुधा सर्वांत जुनी पद्धत होय. जल-क्रियाशीलता (सूक्ष्मजीवांना उपलब्ध पाण्याचे माप, शुद्ध पाण्यासाठी १) ०.६ च्या खाली गेली की कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. साधारण ६०° से. तापमान योग्य समजतात. आच जास्त झाल्यास वरची साल कडक होऊन आतला ओलावा कोंडतो, आणि असा तुकडा बरणीत गेल्यावर बुरशी धरतो.

मिठात आंबवण्याचा उगम वादग्रस्त आहे. आंबवलेली कोबी चीनमध्ये सुरू झाली व मंगोल स्वाऱ्यांबरोबर युरोपात पोहोचली, हे मत लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. तथापि इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने भाज्या मिठात व व्हिनेगरमध्ये टिकवण्याच्या कृती तपशिलाने दिल्या आहेत. त्यामुळे युरोपला ही विद्या मध्ययुगात बाहेरून मिळाली असे मानण्याची गरज राहत नाही. शिवाय आंबवणारे जंतू पानांवर मुळातच असतात. मीठ व झाकण एवढ्यावर क्रिया सुरू होत असल्याने ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे गवसली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोबीत वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ घालून ती स्वतःच्या रसात बुडवून ठेवली की प्रथम ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडीस हा जंतू वाढतो. तो कार्बन डाय-ऑक्साइड सोडून हवा हुसकावतो व थोडे अम्ल तयार करतो. अम्लता वाढताच तो मागे पडतो आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम पुढचे काम पूर्ण करतो. १८ ते २२° से. तापमानात हा क्रम नीट पार पडतो. मीठ फार कमी झाल्यास कोबी मऊ पडते, फार जास्त झाल्यास पहिला जंतूच दबतो.

बाटलीबंद करण्याच्या पद्धतीचा जनक पॅरिसचा मिठाईवाला निकोला आपेर हा मानला जातो. त्याने १७९५ च्या सुमारास प्रयोगांना आरंभ केला असावा. नेपोलियनने त्या वर्षी १२,००० फ्रँकांचे बक्षीस जाहीर केले व आपेरने ते जिंकले, असे पुष्कळ ग्रंथांत सांगितलेले असते. पण १७९५ मध्ये नेपोलियन सत्तेवर नव्हता. तो प्रथम कॉन्सल (फ्रान्सचा सत्ताप्रमुख) झाला १७९९ अखेरीस. १८१० मध्ये फ्रान्सच्या अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने कृती छापून सर्वांना खुली करण्याच्या अटीवर आपेरला १२,००० फ्रँक दिले, एवढे निश्चित आहे. तेव्हा याला स्पर्धेतील बक्षिसापेक्षा अटीवर दिलेले अनुदान म्हणणे युक्त. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या पीटर ड्युरँडने अशाच पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. ही कल्पना परदेशस्थ व्यक्तीकडून कळल्याचे त्यात नमूद आहे. ती व्यक्ती फ्रेंच संशोधक फिलिप द झिरार असावी, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. बंद पात्रात उकळलेला रस्सा नासत नाही हे इटलीच्या स्पालान्झानीने अठराव्या शतकातच दाखवले होते, त्यामुळे आपेरचे श्रेय तत्त्वाच्या शोधापेक्षा ती कृती नित्याच्या उपयोगाची करण्यात आहे.

हे अन्न का टिकते, याचे आपेरला समाधानकारक उत्तर देता आले नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने त्याच्या बाटल्या तपासून ऑक्सिजनचा अभाव हे कारण ठरवले, आणि हे चुकीचे स्पष्टीकरण नासणे जंतूंमुळे होते व उष्णतेने ते मरतात हे दाखवणाऱ्या पाश्चरच्या १८६० च्या दशकातील कार्यापर्यंत टिकले. त्याचा परिणाम घातक होता, कारण हवा काढली की काम झाले या समजुतीने वाढतो तोच धोका सर्वांत मोठा असतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवेविनाच वाढतो. त्याचे बीजाणू (टणक कवचाचे सुप्त रूप) १००° से.ला कित्येक तास तग धरतात आणि त्याचे विष अत्यल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. बेल्जियममध्ये खारवलेल्या मांसातून १८९५ साली झालेल्या विषबाधेचा शोध घेताना एमिल व्हान एर्मेंगेम याने हा जंतू वेगळा केला. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ मध्ये कमी अम्लाच्या भाज्यांसाठी दाबपात्र (वाफेच्या दाबाने १००° से.हून अधिक तापमान देणारे भांडे) आवश्यक ठरवले. १९२२ मध्ये एस्टी व मायर यांनी बीजाणूनाशासाठी लागणारा वेळ मोजला; १२१° से.ला ३ मिनिटे हे प्रमाण त्यावरूनच आले. हे तापमान बरणीच्या मध्यभागी पोहोचावे लागत असल्याने प्रत्यक्षात बराच अधिक वेळ द्यावा लागतो.

पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ ही सीमारेषा मानतात. तिच्याखाली हे बीजाणू रुजत नाहीत, म्हणून व्हिनेगरमधील भाज्यांना उकळते पाणी पुरते. घेवडा, मटार, मका, गाजर, बीट हे सर्व तिच्या वर येतात. त्यांना फक्त उकळून बाटलीबंद करणे कदापि सुरक्षित नाही. टोमॅटो नेमका सीमेवर असल्याने अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस घालण्याची शिफारस आहे, कारण ताज्या लिंबाची आंबटता कमीजास्त असते. उंचावर पाणी लवकर उकळते (दर ३०० मी.ला सुमारे १° से. कमी), त्यामुळे तेथे वेळ वा दाब वाढवावा लागतो. वास, रंग व चव नेहमीसारखी असूनही विष असू शकते, म्हणून संशयित बरणी चाखूनही पाहू नये. तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणीलाही हाच इशारा लागू पडतो. ती शीतकपाटात ठेवून काही दिवसांत संपवावी.

गोठवणे ही यांतील सर्वांत अलीकडची व सोपी पद्धत. −१८° से.ला जंतूंची वाढ थांबते, मात्र एंझाइमे मंदपणे चालूच राहतात. म्हणून ती निष्क्रिय करण्यासाठी घेवडा सुमारे ३ मिनिटे, मटार दीड मिनिट उकळत्या पाण्यात धरून लगेच बर्फाच्या पाण्यात थंड करतात. अशी भाजी ८ ते १२ महिने चांगली राहते. काकडी व पानकोबीसारखी पाणीदार सॅलडाची भाजी वितळल्यावर लिबलिबीत होते, ती आंबवणेच इष्ट.