‘पोट्टं लाजरं हाय’ म्हणून सोडून देऊ नका
‘पोट्टं लाजरं हाय, लगन झालं का सुधरते.’ वऱ्हाडात गावोगावी चालत आलेलं हे निदान चूक आहे.

लाजरा माणूस पंगतीत आधी गप्प असतो, भात येईपर्यंत बोलू लागतो. सामाजिक चिंताविकारात, म्हणजे चारचौघांच्या नजरेची सतत भीती वाटण्याच्या मानसिक आजारात, तसं होत नाही. लग्नाचं बोलावणं आलं की आठ दिवस आधीच पोटात गोळा. वाढायला उभं केलं तर वरणाची बादली हातात थरथरते आणि ‘सारे माह्या हाताकडंच पाहून राहिले’ एवढंच डोक्यात. घरी येऊन पुन्हा तेच उगाळणं. मग तो कंडक्टरला सुटे मागत नाही, ग्रामसभा टाळतो, तोंडी परीक्षा बुडवतो. लोक म्हणतात, माजला! (हा तर शुद्ध अन्याय.)

खरा धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं: धडधड, घाम, कंप. बहुधा किशोरवयात सुरू होतं. १९८० पासून मानसोपचारात याची स्वतंत्र नोंद आहे. लग्न हा उपाय नव्हे. मांडवात तर साऱ्या नजरा त्याच्यावरच. समुपदेशकासोबत भीतीला पायरीपायरीने सामोरं गेल्याने, गरजेप्रमाणे औषधांनी, फरक पडतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोनचीच धास्ती असेल, तर पहिला फोन घरच्यांनी लावावा.