एअर इंडिया

एअर इंडिया ही भारतातली आज चालू असलेली सगळ्यात जुनी विमान कंपनी. मालकी टाटा सन्सकडे आणि २५.१ टक्के वाटा सिंगापूर एअरलाइन्सकडे आहे, मुख्य कार्यालय गुरुग्रामला, मुख्य तळ दिल्ली आणि त्याखालोखाल मुंबई. फ्लाइट नंबरच्या आधी येणारी अक्षरं 'एआय'. स्वस्त भाड्याच्या फ्लाइट्स एअर इंडिया एक्सप्रेस ही उपकंपनी चालवते.

स्थापनेचं वर्ष बहुतेक ठिकाणी १९३२ दिलेलं असतं, पण हे तितकं सरळ नाही आणि इथे जरा थांबायला हवं, कारण या कंपनीचा पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. १९३२, १९४६, १९४८ आणि १९५३ अशी चार वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त प्रत्येक वर्ष वेगळ्या गोष्टीचं आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास पस मॉथ जातीचं एक इंजिनाचं छोटं विमान उडवलं, अहमदाबादला उतरून पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या आत मुंबईला जुहूला आणलं. विमानात होती फक्त टपाल. लंडनहून इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली पत्रं पुढे दक्षिणेत न्यायची हे काम होतं. मुंबईपासून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातले माजी पायलट, मूळ योजना त्यांचीच, टाटा सन्सने त्यात सुमारे २ लाख रुपये घातले होते. जेआरडींचं नाव सगळीकडे येतं आणि ते योग्यच आहे, पण व्हिन्सेंट यांचा उल्लेख मराठीत फारच कमी होतो, ते १९४२ मध्ये युद्धकाळात विमान प्रवासात वारले.

त्या वेळची साधनं किती तुटपुंजी होती ते अहमदाबादच्या थांब्यावरून कळतं. पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने यायचं आणि ते हाताने टाकीत ओतायचं. जुहूला पक्की धावपट्टी नव्हतीच, सुकलेल्या चिखलाचं मैदान होतं, पावसाळ्यात आणि भरतीला तिथे पाणी भरायचं, म्हणून पावसाळा आला की दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक असा अख्खा बाडबिस्तरा पुण्याला येरवडा जेलशेजारच्या मैदानावर हलायचा. म्हणजे पुण्याच्या विमान वाहतुकीच्या इतिहासात या कंपनीचं पान अगदी सुरुवातीला आहे, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

आता 'भारतातली पहिली विमान सेवा' हे बिरुद. ते सरसकट लावता येत नाही. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीपर्यंत आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली होती, पण तो प्रदर्शनाचा भाग होता, नियमित सेवा नव्हे. १९२९ च्या शेवटी कराची-दिल्ली टपाल सेवा सुरू झाली होती, ती सरकारने इम्पिरियल एअरवेजची विमानं भाड्याने घेऊन चालवली आणि दोनेक वर्षांत बंद पडली. त्यामुळे 'भारतीय मालकीची पहिली नियमित आणि टिकलेली सेवा' एवढं टाटांबद्दल म्हणणं जास्त सुरक्षित वाटतं, या नोंदीत तेच धरलंय. सुरुवातीच्या नावातही एकवाक्यता नाही, टाटा एव्हिएशन सर्व्हिस, टाटा एअर मेल, टाटा एअर सर्व्हिसेस अशी रूपं सापडतात, 'टाटा एअरलाइन्स' हे नाव साधारण १९३८ पासून पक्कं झालेलं दिसतं. तेव्हा ती वेगळी कंपनी नसून टाटा सन्सचा एक विभाग होती.

वेगळी पब्लिक लिमिटेड कंपनी झाली २९ जुलै १९४६ ला (तारीख जेआरडींच्या वाढदिवसाची आहे) आणि 'एअर इंडिया' हे नाव तेव्हा आलं. नावासाठी कर्मचाऱ्यांची मतं घेतली होती, इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन एअरलाइन्स, ट्रान्स-इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया असे चार पर्याय होते. दुसऱ्या क्रमांकाला राहिलेलं 'इंडियन एअरलाइन्स' हेच नाव सात वर्षांनी दुसऱ्या सरकारी कंपनीला मिळालं. कंपनीचं बोधचिन्ह असलेला महाराजाही याच साली आला, कल्पना कंपनीतल्याच बॉबी कूका यांची आणि चित्र जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतल्या उमेश राव यांचं.

८ मार्च १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनल ही आणखी एक, स्वतंत्र कंपनी निघाली, परदेशी मार्गांसाठी. त्यात सरकारचे ४९ टक्के आणि आणखी २ टक्के घ्यायची मुभा. ८ जून १९४८ ला तिचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, कॅप्टन के. आर. गझदर होते. म्हणजे १९४८ नंतर दोन एअर इंडिया होत्या, देशातली जुनी आणि परदेशी जाणारी नवी.

आणि इथेच तो पेच आहे जो बहुतेक लेखांत सुटून जातो. १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने १ ऑगस्ट १९५३ पासून विमान वाहतूक सरकारी झाली, तेव्हा देशांतर्गत उडणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन केलं. डेक्कन एअरवेज, एअरवेज (इंडिया), भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंगा एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि आठवी १९४६ वाली एअर इंडिया लिमिटेड. परदेशी बाजू एअर इंडिया इंटरनॅशनल कॉर्पोरेशन म्हणून वेगळी राहिली आणि १९६२ मध्ये तिने 'इंटरनॅशनल' हा शब्द टाकून दिला. याचा अर्थ असा की १९३२ चा तो मुंबई-मद्रास मार्ग, तिथली विमानं, तिथली माणसं हा वारसा कागदोपत्री इंडियन एअरलाइन्सकडे गेला आणि नाव मात्र १९४८ च्या कंपनीकडे राहिलं. दोन्ही धागे परत जुळले ते २००७ मध्ये, या दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा. म्हणून १९३२ हे वर्ष आजच्या एअर इंडियाला लागू होतं ते २००७ च्या विलीनीकरणामुळे जास्त, असं माझं मत आहे. दुसऱ्या बाजूने असं म्हणता येतं की जेआरडी १९५३ नंतरही परदेशी मार्गांच्या कंपनीचे अध्यक्ष होते, त्यामुळे परंपरा त्यांच्यासोबत आली, आणि कंपनी स्वतः कायम हीच बाजू मांडत आली आहे. राष्ट्रीयीकरणाला जेआरडींचा विरोध होता तरी त्यांनी अध्यक्षपद घेतलं आणि १९७८ पर्यंत सांभाळलं, हे विसरता कामा नये.

इंडियन एअरलाइन्सकडे सुरुवातीला बहुतेक डकोटा (डीसी-३) विमानंच होती, युद्धानंतर स्वस्तात मिळालेली. तिची एक गोष्ट महाराष्ट्राशी जोडलेली आहे ती म्हणजे रात्रीची टपाल सेवा. १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरणाआधी सुरू झालेल्या या सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं संध्याकाळनंतर निघायची, मध्यरात्री चारही नागपूरला सोनेगावला उतरायची, थैल्या आणि प्रवासी आपसात बदलून पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. देशाच्या मधोमध असल्याचा फायदा नागपूरला इतका थेट क्वचितच मिळाला असेल. पुढचा ताफा थोडक्यात असा: १९५७ ला व्हायकाउंट, १९६१ ला फोकर फ्रेंडशिप, १९६४ ला कॅराव्हेल हे पहिलं जेट, १९७० च्या सुमारास बोइंग ७३७, १९७६ ला एअरबस ए३०० आणि १९८९ ला ए३२०. २००५ च्या अखेरीस नाव नुसतं 'इंडियन' झालं.

परदेशी बाजूला कॉन्स्टेलेशननंतर १९६० ला बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये प्रोपेलरची विमानं पूर्ण काढून टाकली, 'फक्त जेट असलेली जगातली पहिली विमान कंपनी' हा दावा त्यावरून केला जातो, त्यात तथ्य असावं पण 'पहिली' कशाला म्हणायचं यावर ते अवलंबून आहे. १९७१ ला पहिलं जम्बो, बोइंग ७४७, 'एम्परर अशोक' नावाचं. खिडक्यांवर जाळीच्या कमानी रंगवलेली ही विमानं ज्यांनी पाहिली त्यांना ती अजून आठवतात. १९७४ मध्ये नरिमन पॉइंटला उभी राहिलेली कंपनीची इमारत मुंबईची ओळख झाली. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं आणि नंतर ही इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं.

विमानाच्या शेपटीजवळ 'व्हीटी' ही अक्षरं असतात त्याबद्दल एक प्रसिद्ध समजूत आहे की ती 'व्हॉइसरॉयज टेरिटरी' म्हणजे व्हॉइसरॉयचा मुलूख याची आद्याक्षरं. ही फोड मागाहून जुळवलेली दिसते. ब्रिटिश हिंदुस्थानला आंतरराष्ट्रीय रेडिओ करारात व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड असा संकेतांचा गट मिळाला आणि नोंदणी त्यातून आली, हे स्पष्टीकरण जास्त पटतं.

अपघातांची यादी जड मनाने द्यावी लागते. ३ नोव्हेंबर १९५० ला 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' हे ७०७, त्यातल्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. ११ एप्रिल १९५५ ला 'काश्मीर प्रिन्सेस'मध्ये बॉम्बस्फोट झाला, हे विमान आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळाने भाड्याने घेतलं होतं, १६ मृत्यू, तिघे वाचले. १ जानेवारी १९७८ ला 'एम्परर अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं, २१३. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' अटलांटिकवर बॉम्बने फुटलं, ३२९. आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं ७८७ उड्डाणानंतर लगेच वसतिगृहाच्या इमारतीवर पडलं, विमानातल्या २४२ पैकी एकच वाचला, जमिनीवरचे धरून २६० मृत्यू. त्याच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच उड्डाणानंतर काही सेकंदांत बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे, ते कसे गेले याचा निष्कर्ष त्यात दिलेला नाही, त्यामुळे इथेही तो काढणं योग्य नाही.

दुसऱ्या पारड्यात १९९० आहे. इराकने कुवेत घेतल्यावर १३ ऑगस्टपासून सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून १ लाख ११ हजारांहून जास्त भारतीयांना मुख्यतः जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला आणलं. त्यात इंडियन एअरलाइन्स आणि इतरांची विमानंही होती, सगळं श्रेय एकट्या एअर इंडियाला देणं बरोबर नाही, पण बिनीचं काम तिचंच. सरकारी कंपनी असल्याचा उपयोग काय हे विचारणाऱ्यांसाठी एवढं उदाहरण पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मिळाली आणि दोन्ही सरकारी कंपन्यांचा वाटा घटत गेला. २००५ ला एअर इंडिया एक्सप्रेस आखाती मार्गांसाठी सुरू झाली. त्याच सुमाराला एअर इंडियाने बोइंगची ६८ आणि इंडियनने एअरबसची ४३ विमानं मागवली, बहुतेक कर्जावर, आणि ऑगस्ट २००७ मध्ये दोघींचं विलीनीकरण झालं. वेळ याहून वाईट असू शकत नव्हती, पुढच्याच वर्षी तेल भडकलं. पगारश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, विमानं वेगळी, पायलटांच्या संघटना वेगळ्या, नुसतं छप्पर एक. इंडियनची 'आयसी' ही अक्षरंसुद्धा २०११ पर्यंत चालू होती. तोट्याचं कारण म्हणून काही जण विलीनीकरणाला धरतात, काही जण विमान खरेदीला, काही जण परदेशी कंपन्यांना उदार हाताने दिलेल्या फेऱ्यांना. यातलं खरेदीचं कर्ज हेच मूळ दुखणं होतं आणि विलीनीकरणाने ते चिघळलं असं मानणं आकड्यांशी जास्त जुळतं. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटी होतं.

२०१८ ला ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा एकही बोली आली नाही. नंतर सगळाच हिस्सा काढला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांच्या टॅलेस या कंपनीची १८,००० कोटींची बोली मान्य झाली, त्यात १५,३०० कोटींचं कर्ज आणि २,७०० कोटी रोख. उरलेलं कर्ज सरकारने वेगळ्या कंपनीकडे वळवलं. २७ जानेवारी २०२२ ला ताबा गेला. १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वीची एअरएशिया इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची विस्तारा एअर इंडियात मिसळली, सिंगापूर एअरलाइन्सचा वाटा त्यातून आला. अलायन्स एअर ही छोट्या मार्गांची उपकंपनी मात्र सरकारकडेच राहिली.

ताफ्यात जवळच्या आणि मधल्या पल्ल्याला एअरबस ए३२० घराणं, लांब पल्ल्याला बोइंग ७७७ आणि ७८७, आणि एअरबस ए३५०. २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर दिली (एअरबस २५०, बोइंग २२०), वर्षअखेर पहिलं ए३५० आलं, २०२४ च्या अखेरीस एअरबसची आणखी १०० वाढवली. मार्गांमध्ये युरोप, उत्तर अमेरिका, आखात, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया आहेत. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही थेट फेरी २०१६ पासून पॅसिफिकवरून जाऊ लागली, अंतर अटलांटिकच्या वाटेपेक्षा जास्त पण मागून वारा मिळत असल्याने वेळ कमी. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या फेऱ्यांना वळसा पडू लागला, आणि उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना मध्ये इंधनासाठी थांबावं लागलं.