इंडियन रनर बदक

इंडियन रनर बदक : मॅलार्ड या रानबदकापासून माणसाळलेल्या पाळीव बदकांपैकी एक हलकी, मुख्यतः अंड्यांसाठी पाळली जाणारी जात. नावात ‘इंडियन’ असले तरी ही भारतीय जात नव्हे. तिचे मूळ इंडोनेशियातील लोंबोक, जावा व बाली या बेटांवर मानले जाते.

धडाची उभी ठेवण हे जातीचे मुख्य लक्षण आहे. इतर बदकांचे धड जमिनीला जवळपास समांतर असते. रनरचे धड चालताना ४५ ते ७५ अंशांच्या कोनात राहते आणि पक्षी दचकला की जवळजवळ सरळ उभा होतो. कंबरेच्या हाडांचे कडे शेपटीकडे सरकलेले असल्यामुळे हे पक्षी डुलत चालत नाहीत, झपझप पळतात. मान बारीक व लांब, डोके चपटे, चोच कपाळाच्या रेषेत सरळ. नराचे वजन १.६ ते २.३ किग्रॅ., मादीचे १.४ ते २ किग्रॅ. भरते. उंची ५० ते ७५ सेंमी. हे बदक उडत नाही. घाबरून थोडीफार उडी घेते, तेवढेच. गुडघाभर उंचीचे कुंपण त्याला सहसा पुरते.

उगम व इतिहास : इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलिस १८५६ मध्ये लोंबोक येथे होता. तेथील लांब-चपट्या अंगाची, पेंग्विनसारखी उभी चालणारी, फिकट तांबूस राखी बदके त्याने नोंदवली (प्रसिद्धी १८६९). ती मोठ्या कळपांनी पाळत. तांदूळ वाहणाऱ्या जहाजांवरचे खलाशी ती स्वस्तात विकत घेऊन खात आणि त्यांना ‘बालीचे शिपाई’ म्हणत. चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये ‘पेंग्विन बदक’ या नावाने हीच ठेवण वर्णिली आणि तिचा उगम मॅलार्डमध्येच मानला. नराच्या शेपटीवरील वळलेली पिसे हा त्याला आधार होता आणि हे मत आजही मान्य आहे.

ही बदके ब्रिटनमध्ये कधी पोहोचली याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडच्या कंबरलँड परगण्यातील परंपरेनुसार कोणा जहाजाच्या कप्तानाने ती पूर्वेकडून आणून व्हाइटहेवनच्या आसपासच्या शेतकऱ्यांना दिली. हा प्रसंग काही जण १८३० च्या दशकात, तर काही त्यानंतर वीस वर्षांनी ठेवतात. समकालीन कागद नसल्याने या कथेला परंपरा म्हणूनच जागा द्यावी. भारतातून बदके नेल्याचा विश्वसनीय पुरावा मात्र मिळत नाही. पूर्वेकडील सागरी व्यापाराशी जोडलेल्या कुठल्याही मालाला त्या काळी ‘इंडिया’ हे नाव सर्रास लावले जाई; बदकाच्या नावाचा उलगडा बहुधा तेथेच आहे. सतराव्या शतकातील डच चित्रांत दिसणारी कबरी बदके पूर्वेकडून आली असावीत असे काही अभ्यासक म्हणतात. ते अशक्य नाही, पण त्या चित्रांतील पक्ष्यांची ठेवण रनरइतकी उभी नाही. जावातील देवळांवरच्या शिल्पांचा दाखला देऊन जातीला दोन हजार वर्षांची प्राचीनता देण्याचा प्रयत्न तर अधिकच कच्चा आहे. दगडात पक्षी उभा कोरला म्हणून जात ठरत नाही.

कंबरलँडमध्ये स्थानिक बदकांशी संकर झाल्याने मूळ ठेवण मोडली, पण फिकट तपकिरी-पांढरा कबरा रंग व अंडी देण्याची क्षमता टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच पक्षी प्रदर्शनांत आले आणि १८९८ मध्ये अमेरिकन मानकात (पाळीव पक्ष्यांच्या जातींची लक्षणे ठरवणाऱ्या ग्रंथात) त्यांचा समावेश झाला. पुढे जोसेफ वॉल्टन या पैदासकाराने १९०८-०९ च्या सुमारास लोंबोक व जावा येथून पुन्हा शुद्ध पक्षी मागवले, आणि आजची उभी ठेवण मुख्यतः त्या रक्तातून परतली. ‘उभे की अंड्यांचे’ हा पैदासकारांतील वाद तेव्हापासून चालू आहे.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ॲडेल कॅम्पबेल यांनी ग्लॉस्टरशरमधील यूली येथे रनर मादीचा रूआँ या जड फ्रेंच जातीच्या नराशी व पुढे मॅलार्डशी संकर करून कॅम्पबेल बदक तयार केले. त्याचा खाकी प्रकार १९०१ पासून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात अंड्यांसाठी शिफारस होते ती खाकी कॅम्पबेलची. त्यामुळे रनरचे रक्त आपल्याकडे आले ते या आडवाटेने.

मूळ प्रदेशातील पाळणूक : जावा व बाली येथे राखणदार बांबूच्या काठीच्या टोकाला कापड किंवा पिसांचा झुबका बांधून कळप भाताच्या खाचरांत नेतो आणि काठी बांधावर रोवून जातो. काठी दिसते तोवर कळप लांब जात नाही. कापणीनंतर सांडलेले दाणे आणि पीक उभे असताना गोगलगाई व किडे हे त्यांचे खाद्य. लोंब्या भरू लागल्या की कळप बाहेर काढतात. दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशजवळच्या द्राक्षमळ्यात गोगलगाई टिपण्यासाठी रनरचे मोठे कळप सोडले जातात.

पैदास : हलक्या जातीत एका नरामागे पाच-सहा माद्या ठेवतात. नर जास्त झाले तर माद्यांच्या मानेची व पाठीची पिसे उपटली जातात, जखमा होतात. शिवाय नर आपसांत झुंजत राहिल्याने फलन वाढण्याऐवजी घटते. नर ओळखण्याची खात्रीची खूण आवाज : सहाव्या आठवड्याच्या सुमारास मादी मोठ्याने ‘क्वॅक’ करते, नर घोगरा, दबका राहतो. वळलेली शेपटी नंतर येते.

निवड करताना ठेवण पक्षी चालत असताना पाहावी. हातात धरलेला घाबरा पक्षी उभाच दिसतो. वाकडी मान, पाठीचा पोक आणि आखूड पाय हे दोष पिल्लांत उतरतात. केवळ उंचीवर निवड चालू ठेवली की अंडी कमी होतात आणि फलनही घसरते. म्हणून अंड्यांची नोंद असलेल्या मादीची मुले नर म्हणून राखावीत.

रंगाची आनुवंशिकता या जातीत चांगली उलगडली आहे. चॉकलेटी रंग लिंगसंबद्ध (त्याचे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर) व अप्रभावी (काळ्यापुढे दबणारा) असल्याने चॉकलेटी नर व काळी मादी यांच्या जोडीतून काळे नर व चॉकलेटी माद्या मिळतात, आणि पिल्लू अंड्यातून निघताच लिंग कळते. उलट जोडीत, म्हणजे काळा नर व चॉकलेटी मादी यांत, हा फायदा नाही. निळा रंग कधीच स्थिर होत नाही : दोन निळ्या पक्ष्यांपासून सरासरीने एक चतुर्थांश काळे, निम्मे निळे व एक चतुर्थांश फिकट रुपेरी मिळतात. सर्व पिल्ले निळी हवी असतील तर काळा व फिकट रुपेरी यांची जोडी लावावी. कबऱ्या प्रकारात पांढऱ्याच्या कडा स्वच्छ मिळणे हीच कसोटी. एकाच जोडीची पिल्लेसुद्धा सारखी निघत नाहीत.

अंडी व उबवण : मादी साडेपाच ते सहा महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते. वर्षाला १५० ते २०० अंडी, चांगल्या वाणात त्याहून जास्त. रंग पांढरा वा हिरवट. पांढरे अंडे शुद्धतेची खूण म्हणून विकले जाई, पण ती भरवशाची नाही. अंडी बहुधा पहाटे ते सकाळी ९ पर्यंत दिली जातात. तोवर कळप खुराड्यातच ठेवावा. नाहीतर अंडी चिखलात, झुडपांत, अगदी पाण्यातही टाकली जातात. रनर मादी क्वचितच खुडूक होते. म्हणून कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवण करावी लागते.

उबवायची अंडी १३ ते १५° से. तापमानात आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नयेत. चिखल कोरडा खरवडावा. धुवायचेच असेल तर पाणी अंड्यापेक्षा कोमट हवे. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. अशी अंडी यंत्रात सडून फुटतात व शेजारची घाण करतात. उबवणीला २८ दिवस लागतात. तापमान ३७.५° से., आर्द्रता सुमारे ५५%, रोज अनेकदा उलटापालट. सातव्या दिवशी प्रकाशासमोर धरून पाहिले की फलित अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. २५ व्या दिवशी उलटणे थांबवून आर्द्रता ७०% च्या वर न्यावी. कवचाला टोचा पडल्यानंतर पिल्लू पूर्ण बाहेर यायला एक-दोन दिवस लागतात. या काळात झाकण वारंवार उघडले तर आतली त्वचा सुकून पिल्लाला चिकटते व ते अडकून मरते.

पिल्ले : पहिल्या आठवड्यात उबेच्या दिव्याखाली ३२° से., पुढे दर आठवड्याला ३° कमी. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य चालते, पण त्यातील नायसिन (‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व) बदकांना पुरत नाही. कमतरतेने सांधे सुजतात, पाय वाकतात. बिअर बनवताना उरणारे यीस्ट मिसळल्यास भागते. कोरडा भरडा गिळताना घशात अडकतो, म्हणून खाद्य ओले करून पाण्याशेजारी ठेवावे. पाणी नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण पिल्लू आत पडणार नाही असे. प्रौढ पक्ष्याला दिवसाला १२० ते १५० ग्रॅ. खाद्य लागते. मोकळ्या चरण्यावर ते घटते. पाय धरून उचलू नये, ते सहज मोडतात.

रोग : रनर काटक समजला जातो, पण बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतील किंवा मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष बदकांना फार लवकर मारते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने टर्कींबरोबर बदकांची पिल्लेही मेली होती. त्यामुळे भारतात शेंगदाणा पेंड बदकांना न देणेच बरे. डक प्लेग हा विषाणुजन्य रोग १९६० च्या दशकात पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला. ८ ते १२ आठवड्यांच्या वयात लस देतात. साचलेल्या पाण्यात मेलेला प्राणी कुजला की बोटुलिझम (जंतूंच्या विषाने येणारा लुळेपणा) होतो. आधी पाय, मग मान लुळी पडते, आणि डोके पाण्यात राहून पक्षी बुडतो. मेलेला प्राणी शोधून काढणे व कळपाला ताज्या पाण्यावर नेणे हा पहिला उपाय.