डोळा किती दुखतो यापेक्षा कसा दुखतो

डोळ्यात कुसळ गेलं की दुसरं काही सुचत नाही. याउलट डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जागेवरून सुटला तरी डोळा दुखत नाही. लख्ख चमकल्यासारखं होतं, काळे ठिपके तरंगतात, एका कडेने अंधार सरकत येतो. दुखत नाही म्हणून माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो आणि तिथेच फसतो.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. बुबुळावरच्या पारदर्शक थराला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पण चेतातंतूंची दाटी त्वचेपेक्षा शेकडो पटींनी जास्त. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी भरपूर, वेदना टिपणारे तंतू मात्र नाहीत.

खुपणं, चुरचुरणं, वाळू गेल्यासारखं वाटणं ही बहुधा वरवरची दुखणी. कॉर्नियावरचा लहान ओरखडा एक ते तीन दिवसांत भरतो, फक्त डोळा चोळायचा नाही. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण बरंच घटतं आणि डोळे कोरडे पडतात. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यांतूनच घळाघळा पाणी येतं, कारण चुरचुर वाढली की अश्रुग्रंथी खडबडून जागी होते. रांजणवाडी कोमट शेकाने सहसा बसते. डोळे आले असतील तर चिकटपणा आणि लाली असते, ठणका फारसा नसतो. तो असेल तर डोळे आलेत असं परस्पर ठरवू नये.

ठणका खोलवरचा असेल तर प्रकरण वेगळं. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आली असेल तर उजेड सोसवत नाही. इतका, की चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारली तरी दुखऱ्या डोळ्यात कळ उठते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकुंचन पावतात. डोळा हलवताना दुखतंय, नजर मंदावली आहे आणि लाल रंग फिका दिसतोय, तर सूज दृष्टीच्या नसेला असू शकते.

सगळ्यात फसवा म्हणजे अचानक उसळणारा काचबिंदू. डोळ्यातला दाब एरवी साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. आतल्या पाण्याची वाट एकदम बंद झाली की तो काही तासांत चाळिशी-पन्नाशी ओलांडतो. डोळा लाल होतो, धूसर दिसतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. त्यातच डोकं फुटायला येतं आणि उलट्या सुरू होतात, त्यामुळे रोगी पित्ताची नाहीतर अर्धशिशीची गोळी घेऊन पडून राहतो. उतारवयात, विशेषतः लांबचं बघायला प्लस नंबर लागणाऱ्यांना, हा धोका जास्त. अशा वेळी सकाळची वाट बघू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. नजर एका दिवसातही कायमची जाऊ शकते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला, तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावं; जंतुसंसर्गाने कॉर्नियावर झपाट्याने व्रण पडतो. चुना, अॅसिड किंवा साफसफाईचं द्रव डोळ्यात उडालं तर आधी धुणं, मग दवाखाना: पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटं. चुन्यासारखे अल्कली पदार्थ अॅसिडपेक्षा खोल शिरतात. हातोडा मारताना धातूचा कण डोळ्यात घुसला असेल, तर तो काढू नये, डोळा दाबूही नये. वेल्डिंगचा त्रास मात्र उशिरा कळतो. काम करताना काहीच नाही, आणि सहा ते बारा तासांनी डोळ्यात तिखट गेल्यासारखी आग.

घरातली उरलेली ड्रॉपची बाटली अशा वेळी हटकून हाती येते. त्यात स्टिरॉइड असेल आणि दुखणं नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असेल, तर व्रण चिघळतो. डोळा बधिर करणारे थेंब तर तपासणीपुरतेच. घरी ते वारंवार घातले की दुखणं थांबतं, पण ओरखडा भरत नाही, उलट खोल जातो, आणि ते कळायला कळच उरलेली नसते.