टॅबवर परतलं की पान पुन्हा का लोड होतं?

सकाळी उघडून ठेवलेल्या टॅबवर दुपारी परत गेलं, की पान क्षणभर कोरं दिसतं आणि पहिल्यापासून लोड होऊ लागतं. ब्राउझर अपडेट झाल्यापासून ही तक्रार बरेच जण करतात. नेट गंडलंय असं समजून राउटर बंद-चालू केला जातो, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती मेमरी, वाचवायला तो टॅब ब्राउझरनेच जाणूनबुजून रिकामा केलेला असतो. क्रोममध्ये ही सोय 'मेमरी सेव्हर' या नावाने डिसेंबर २०२२मध्ये, १०८व्या आवृत्तीपासून यायला लागली. फायरफॉक्सने विंडोजवर ती त्याआधीच, ऑक्टोबर २०२१च्या ९३व्या आवृत्तीत दिली होती.

टॅब एवढी रॅम खातात, कारण त्यांचं बिऱ्हाड वेगवेगळं असतं. २००८ साली क्रोम आला तोच मुळी टॅबांना स्वतंत्र प्रोसेस (आपापल्या मेमरीत वेगळा चालणारा प्रोग्राम) देत, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहावीत. पुढे जानेवारी २०१८मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला. एकाच प्रोसेसमध्ये दोन साइट नांदत असतील, तर एकीच्या कोडला दुसरीचा डेटा चोरून वाचता येईल अशी भीती निर्माण झाली. म्हणून क्रोमने ६७व्या आवृत्तीत डेस्कटॉपवर साइटनुसार प्रोसेस वेगळ्या केल्या. त्यापायी रॅमचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढला, हे गूगलनेच सांगितलं होतं. क्रोम रॅम खातो म्हणून नावं ठेवताना हा खर्च कशासाठी आहे, तेही लक्षात घ्यायला हवं.

खरी पंचाईत रॅम संपल्यावर होते. ऑपरेटिंग सिस्टिम मग न वापरलेला भाग डिस्कवर हलवते. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कला नेमकी जागा गाठायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे सुमारे लाखपट उशीर. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप वीस टॅब उघडल्यावर घरघरत बसतो तो यामुळे. अशा वेळी पान डिस्कवरून ओढून आणण्यापेक्षा नेटवरून नव्याने मागवणं कधीकधी स्वस्त पडतं.

टॅब रिकामा झाला तरी त्याचं नाव, चिन्ह, पत्ता आणि मागे-पुढे जाण्याचा इतिहास राहतो. जातं ते पान स्वतः. खंडाळ्याच्या बोगद्यात वाचायला म्हणून आधीच उघडून ठेवलेला लेख नेमका तिथेच 'इंटरनेट नाही' म्हणतो, तो म्हणूनच. प्रवासात वाचायचं असेल तर पान टॅबमध्ये ठेवू नका, कंट्रोल-एस दाबून फाइल म्हणून जतन करा.

गाणं किंवा व्हिडिओ चालू असेल, स्क्रीन शेअर होत असेल, डाउनलोड सुरू असेल किंवा फॉर्म अर्धवट भरलेला असेल, तर क्रोम त्या टॅबला हात लावत नाही. यातली फॉर्मची हमी मात्र पूर्ण धरू नका. साध्या रकान्यात टाइप केलं तर ब्राउझरला कळतं. पण हल्लीचे कित्येक अर्ज पाच-सहा टप्प्यांचे असतात, आणि आधीच्या टप्प्यांत निवडलेले पर्याय जावास्क्रिप्टने, म्हणजे पानातच चालणाऱ्या कोडने, नुसते मेमरीत धरलेले असतात. टॅब गेला की ते गेले. शिवाय सर्व्हरवरचं सेशन, म्हणजे लॉग-इनची मुदत, संपलं असेल, तर पुन्हा लॉग-इन करा, पुन्हा ओटीपी मागवा. त्यामुळे 'सेव्ह ड्राफ्ट'चं बटण असेल तर प्रत्येक टप्प्यावर दाबावं.

अशा साइटना सूट देता येते. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूतून सेटिंग्ज, तिथे डावीकडे परफॉर्मन्स. 'ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह' या ओळीसमोर 'ॲड' दाबून साइटचा पत्ता टाका. नुसता पत्ता टाकला तर तिच्या उपसाइटही धरल्या जातात. त्या नको असतील तर पत्त्याआधी टिंब द्या. याच पानावर मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम असे तीन पर्याय आहेत. मॅक्सिमममध्ये टॅब लवकर रिकामे होतात. ८ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण उगाच पुन्हा-पुन्हा लोड होण्यात वेळ जातो आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटाही. कोणता टॅब किती खातो ते पाहायला शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. एकाच साइटचे दोन टॅब कधी एकच प्रोसेस वाटून घेतात, तेव्हा त्यातला एक रिकामा करूनही आकडा फारसा उतरत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचे 'स्लीपिंग टॅब्स' थोडे वेगळे. तिथे टॅब आधी गोठतो, म्हणजे त्यातला कोड थांबतो पण पान मेमरीतच असतं, म्हणून क्लिक केल्याबरोबर जागं होतं. किती वेळाने झोपवायचं ते ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत ठरवता येतं.

फायरफॉक्स मात्र घड्याळ पाहत नाही, रॅम कमी पडली की मगच टॅब काढायला घेतो. पुढचा नंबर कुणाचा, हे पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:अनलोड्स' असं इंग्रजी अक्षरांत टाइप केल्यावर दिसतं. जून २०२५च्या १४०व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट-क्लिक करून 'अनलोड टॅब' असं आपल्या हातानेही करता येतं. हे मला सगळ्यांत पटलेलं, कारण कोणता टॅब तासभर लागणार नाही ते वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं.