डबीवरचा आकडा आणि कुत्र्याची खाज

कुत्रा खाजवायला लागला, केस निस्तेज दिसायला लागले, की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘फिश ऑइल दे.’ सल्ला अगदीच वाईट नाही. पण या तेलाकडून लोकांच्या दोन वेगवेगळ्या अपेक्षा असतात. केस चमकावेत आणि खाज थांबावी. या दोन गोष्टी शरीरात वेगवेगळ्या वाटांनी घडतात.

आधी चमक. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून टाकले. उंदरांची त्वचा कोरडी पडली, शेपटीवर खवले धरले. त्यातूनच काही मेदाम्लं (फॅटी ॲसिड) शरीराला बाहेरून मिळावीच लागतात, हे कळलं. त्यातलं लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ गटातलं. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींच्या फटींत जे मेणचट लिंपण असतं, ते या आम्लावाचून नीट बनत नाही. लिंपण फाटलं की ओलावा उडून जातो, कोंडा दिसतो. आता गंमत अशी की लिनोलेइक आम्ल भरपूर असतं ते सूर्यफुलासारख्या वनस्पती तेलांत. माशाच्या तेलात ते अगदी थोडं. म्हणजे कमी स्निग्ध आहारावरच्या कुत्र्याचे केस साध्या खाद्यतेलानेही तुकतुकीत होऊ शकतात. चमक आली म्हणजे फिश ऑइलनेच काम केलं, असं समजायला नको.

माशाच्या तेलाचं खरं काम दाहाशी आहे. पेशींच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल नावाचं मेदाम्ल साठवलेलं असतं. ॲलर्जीने धोक्याची घंटा वाजली की विकरं (एन्झाइम) ते सोडवून घेतात आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन अशी दाह पेटवणारी रसायनं बनवतात. लाली, सूज, खाज हा सगळा त्याचा परिणाम. माशाच्या तेलातलं ईपीए हे ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल त्याच आवरणात जाऊन बसतं आणि त्याच विकरांपुढे उभं राहतं. विकरं तीच, पण कच्चा माल बदललेला. त्यामुळे बाहेर पडणारी रसायनं बरीच सौम्य.

आवरणातला माल बदलायला वेळ लागतो, म्हणून आठ दिवसांत फरक शोधू नये. दोन-तीन महिने धरून चालावं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲटोपिक त्वचारोग (ॲटोपी, म्हणजे ॲलर्जीची जुनाट खाज) असलेल्या ६० कुत्र्यांवर १२ आठवडे प्रयोग झाला. बोरेज या वनस्पतीच्या बियांचं आणि माशाचं तेल एकत्र मिळालेल्या कुत्र्यांना कमी स्टेरॉइडही पुरलं. पण हा फरक दिसायला दोन महिने लागले. हे तेल औषधाची जागा घेत नाही, त्याची मात्रा कमी करायला मदत करतं. मला तरी एवढंही पुष्कळ वाटतं.

मात्रेचा घोळ मात्र मोठा आहे. डबीवर ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि त्याचंच भावंड असलेलं ओमेगा-३ डीएचए १२० मिलिग्रॅम निघतं. कामाचं तेवढंच, ३००. ॲटोपीसाठी पशुवैद्यकात सुचवल्या जाणाऱ्या एका हिशेबाने १० किलोच्या कुत्र्याला या दोन्ही मिळून रोज सुमारे ७०० मिलिग्रॅम लागतं. २० किलोच्याला १४०० नव्हे, सुमारे ११८०. कारण शरीर दुप्पट झालं तरी चयापचय दुप्पट होत नाही. वरची सुरक्षित मर्यादा १० किलोला साधारण २०८० मिलिग्रॅम. त्यापलीकडे जुलाब, रक्त गोठायला उशीर, जखम भरायला उशीर अशा तक्रारी संभवतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना तेलाचं आवर्जून सांगावं. स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला विचारल्याशिवाय देऊच नये. शिवाय चार कॅप्सूल म्हणजे ३६ किलोकॅलरी. लठ्ठ कुत्र्याच्या खात्यात त्याही धरायच्या.

कॉड माशाच्या यकृताचं तेल ही निराळी चीज. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं खच्चून असतात, आणि ईपीएचा आकडा गाठायला ते ओतत गेलं तर या जीवनसत्त्वांची विषबाधा होऊ शकते. जवसाचं तेलही पर्याय नव्हे. त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीएत रूपांतर करण्यात कुत्र्याचं शरीर फार कच्चं आहे. मासेही हे आम्ल मुळात स्वतः बनवत नाहीत, ते सूक्ष्म शैवालांतून वर चढत येतं.

एक कॅप्सूल टाचणीने टोचून थेंब बोटावर घ्या. मंद माशाचा वास ठीक. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर तेल खवट झालंय. ईपीएच्या साखळीत पाच दुहेरी बंध असतात, डीएचएच्या सहा, आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच घाव घालतो. कुत्र्याने चाटूनपुसून खाल्लं हा ताजेपणाचा पुरावा धरू नका. वासांच्या बाबतीत त्यांची आवड आपल्याहून वेगळी आहे.

आणि डबी आणण्याआधी बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी केस विंचरा. जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती लालसर तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अशा खाजेला तेल नको, पिसवांचं औषध हवं.