प्लॅनिंग कुठलं? प्रणालीचं की बांधणीचं?

देवगडच्या एका बागायतदार काकांकडे आंब्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला गेलो होतो. "प्लॅनिंग झाला?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत चौदा स्क्रीनची यादी आणि तारखांचा तक्ता पुढे सरकवला. तो होता बांधणीचा कार्यक्रम. माहिती प्रणालीचं नियोजन मी केलंच नव्हतं. दोन्हींना आपण 'प्लॅनिंग'च म्हणतो, तिथेच घोळ होतो.

धंद्याला काय साधायचंय आणि त्यासाठी कुठली माहिती कुणाच्या हाती हवी, हे नियोजनात ठरतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जॉन रॉकार्ट यांनी १९७९ साली यासाठी साधी वाट सुचवली: कुठल्या मोजक्या गोष्टी नीट झाल्याच पाहिजेत, ते थेट मालकालाच विचारा. मी विचारलं. काका म्हणाले, "माका फोटो नि ग्राफ नको. वाशीक गेलल्या पेट्यांची पट्टी खंय अडाकली, ता सांग." पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब.

मग वहीच्या पानावर चौकटी आखल्या. आडव्या ओळींत कामं: तोडणी, प्रतवारी, पेटी भरणं, गाडी, पट्टी. उभ्या रकान्यांत माहिती. ती कुठल्या कामात तयार होते आणि कुठे नुसती वापरली जाते, तेवढं प्रत्येक चौकटीत लिहायचं. आयबीएमच्या 'बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग' पद्धतीत असाच तक्ता असे. पान भरलं आणि भोक दिसलं. पेट्यांची संख्या गाडीबरोबर जाणाऱ्या आमच्या चलनावर, दर दलालाच्या पट्टीवर, आणि दोघांना जोडणारा नंबर कुठेच नाही! कोड लिहायला बसलो असतो तर हे मला जन्मात कळलं नसतं.

विकसनाचे, म्हणजे बांधणीचे, प्रश्न यानंतरचे. बागेत रेंज नाही, तर नोंद फोनमध्येच ठेवून घरी आल्यावर चढवायची का, असले. सगळं आधी ठरवून शेवटी एकदाच तपासण्याची 'वॉटरफॉल' पद्धत सॉफ्टवेअरवाले विन्स्टन रॉइस यांच्या नावावर खपवतात. त्यांनी तर १९७०च्या लेखातच ती धोक्याची म्हटली होती. आंब्यात ती परवडतच नाही. मेअखेर सापडलेली चूक सुधारून उपयोग पुढच्या मोहराला.

शेवटी चलनावर लॉट नंबर आला, तोच पट्टीवर लिहायला दलालाला सांगितलं, आणि पंधरा दिवसांत पट्टी न आलेल्या लॉटची यादी काकांच्या फोनवर येऊ लागली. चौदांतले तीन स्क्रीन उरले. ग्राफचा मी गुपचूप उडवला.